आधी खलासी, मग ड्रायव्हर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्याच एका पोराचा मेसेज आला, दादा बारावी झाली, कार चालवता येते, ट्रक लाइनला यायचंय, कुठून सुरू करू. त्याला व्हॉइस नोट करायला बसलो तर ती अकरा मिनिटांची झाली, त्यानं ऐकली की नाही देव जाणे, म्हणून इथंच लिहून टाकतो, अजून कुणाला हवं असेल तर त्यालाही होईल.

आधी कागदाचं उरकून घेऊ. कारचं पक्कं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही आणि वय 20 पूर्ण पाहिजे. डॉक्टरचा फॉर्म 1-ए लागतो, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती ती 2019 मध्ये गेली. हे लायसन्स 5 वर्षांचंच असतं, नंतर रिन्यू करत राहायचं. आणि घाई असेल तर, ज्या गाडीचं मालासकट वजन 7,500 किलोच्या आत बसतं ती मालाची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये हे पुन्हा पक्कं केलंय. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, यावर आजही बसता येतं. गल्लीबोळातून माल घेऊन फिरायची सवय होते, आरशात बघायची सवय होते, ते काही वाया जात नाही.

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव घेत नाही पण फी पूर्ण घेऊन मला ट्रकवर तीनदाच बसवलं, तेही मोकळ्या मैदानात आणि रिकाम्या गाडीवर. सर्टिफिकेट मिळालं, लायसन्स निघालं, आणि मी बीकॉम झालेला शहाणा मुलगा देवास नाक्याला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात जाऊन म्हणतोय की मी हेवी ड्रायव्हर आहे. एकानं विचारलं, भरलेली गाडी घाटात उतरवलीयेस का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला मग चहा पी आणि घरी जा. खरंच चहा पाजला हो, तेवढं म्हणेन.

मग एका उस्तादांच्या, म्हणजे जुन्या मुरलेल्या ड्रायव्हरच्या, गाडीवर खलासी म्हणजे मदतनीस म्हणून चढलो. दहा चाकी, म्हणजे तीन एक्सलवाली, हिचं मालासकट वजन 25 टनांच्या वर नको असा नियम होता तो 2018 मध्ये 28.5 टन झाला. महिना सहा हजार आणि जेवण. घरी आई शेजारच्या काकूंना सांगायची की तो ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहे, खलासी शब्द काही तिच्या तोंडून निघायचा नाही. बाबा तर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक वर्षभर टेबलावरून हलवत नव्हते.

पण मी आज जे काही शिकलोय ते सगळं त्या आठ महिन्यांतलं आहे. उदाहरण सांगतो. गाडी थांबली की खाली उतरून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा. मला वाटायचं ही काहीतरी पूजा असणार. मागे चाकं जोडीनं असतात, आतलं बसलं तरी बाहेरचं उभं दिसतं, डोळ्यांना कळतच नाही, आणि सगळा भार एकट्या बाहेरच्यावर येऊन ते तापतं आणि फुटतं. हवा भरलेलं असेल तर टॉमी उसळून परत येते आणि टणक आवाज येतो, बसलेलं असेल तर थप्प. पहिले पंधरा दिवस मला सगळेच आवाज सारखे वाटायचे. उस्ताद केबिनमध्ये बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, डावीकडचं मधलं परत मार.

तसंच रिव्हर्स. खलासी मागे उभा राहून आने दे आने दे ओरडतो आणि हातानं बॉडीवर थापा मारतो ते ड्रायव्हरसाठी असतं, कारण इंजिनच्या आवाजात ओरडणं ऐकूच जात नाही, थाप मात्र पत्र्यातून येते. दोन थापा जोरात म्हणजे जागच्या जागी थांब. मी एकदा फोन बघत उभा होतो आणि थाप मारायला उशीर झाला, गोडाऊनच्या शटरला मागचा फाळका लागला. नुकसान थोडं झालं पण उस्ताद धामणोदपर्यंत एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी.

ताडपत्री बांधणं हा तर वेगळाच विषय आहे, पावसाळ्यात एकदा नीट न बांधल्यामुळे डाळीची पोती भिजली की कळतंच.

आता घाट. आमच्या आग्रा-मुंबई रोडवर राऊ सोडलं की मानपूरच्या पुढे गणपती घाट लागतो, इंदूरहून जाताना उतार, आणि ब्रेक फेल झाल्याच्या जितक्या बातम्या तुम्ही पेपरात वाचल्या असतील त्यातल्या कितीतरी इथल्याच. आता उतारासाठी कमी ढाळाचा वेगळा रस्ता झालाय, पण मी शिकलो तो जुन्यावर. पहिल्यांदा उस्तादांनी मला सीटवर बसवलं तेव्हा घाट सुरू व्हायच्या आधीच गाडी साइडला घ्यायला लावली. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, तर मीटरमध्ये त्या हवेचा काटा दाखवला, म्हणाले हा खाली यायला लागला तर ब्रेक तुझा नाही. मग थर्डमध्ये टाक म्हणाले. मी म्हटलं उतार आहे ना, थर्डमध्ये कशाला. त्यावर ते म्हणाले, चढताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायची, माझ्या बापानं पण मला हेच सांगितलं होतं.

कारण साधं आहे. भरलेल्या गाडीला नुसत्या पायानं धरलं तर ब्रेकचे लायनर तापतात आणि तापल्यावर धरतच नाहीत, पाय कितीही दाबा. आणि सारखं दाबून-सोडून केलं की हवा संपते. म्हणून गाडीला इंजिननं अडवायचं, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा, तो लावायचा, आणि पायाचा ब्रेक फक्त मधूनमधून. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे शहाणे अजून आहेत, दोन-चार लिटरसाठी स्वतःचा आणि समोरच्याचा जीव. मी उतरत होतो, इंजिन घूं घूं करतंय, मागून एक कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय, माझ्या तळहाताला घाम, आणि उस्ताद शांतपणे शेव खातायत. खाली आल्यावर त्यांनी उतरून चाकाजवळ नाक नेलं. जळका वास नाही आला. बस, तीच माझी परीक्षा, आरटीओतली नाही.

यापुढचा बिजासनचा घाट सेंधव्याच्या पुढे, तो उतरला की महाराष्ट्र, मग पळासनेर, शिरपूर, धुळे.

मला वाईट याचं वाटतं की आता मालक लोक खलासी ठेवतच नाहीत. एका माणसाचा पगार वाचतो. मग नवीन पोरगं शिकणार कुणाजवळ, लायसन्स काढून डायरेक्ट सीटवर, आणि शेजारी कुणी नाही. गाड्या सुधारल्यात हे मान्य, ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी आहे, बीएस-6 म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाडीत डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत यूरियाचं पाणी टाकावं लागतं आणि ते संपलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते. पण घाटात नाक चाकाजवळ न्यायला एसी शिकवत नाही.

दुसरं, नुसतं चालवणंच डोक्यात असेल तर थोडं थांबा. अर्धा वेळ उभं राहण्यात जातो. दिवसा शहरात नो एंट्री, भिवंडीला गोडाऊनसमोर मी दोन दिवस रांगेत काढलेत, तिकडे ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन कागद, 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चालू असतं, संपत आलं की वाढवून घ्यायला ऑफिसला फोन. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात (तो नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या लेबर कोडमुळे गेला) ड्रायव्हरला दिवसाला 8 तासच काम असं लिहिलं होतं, हे मी उस्तादांना वाचून दाखवलं तर त्यांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं, हसायला.

पैशाचं एवढंच, पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. भत्ता किती मिळाला, टोल सोडून रोख किती गेले, पंक्चर किती. माझ्या पहिल्या मालकानं शेवटचा दीड महिन्याचा पगार दिलाच नाही, हिशेब जुळत नाही म्हणाला, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता वही आहे, फोटो पण काढून ठेवतो.

त्या पोराचं उत्तर आलं शेवटी. अकरा मिनिटांवर एकच प्रश्न, दादा तुमच्या गाडीवर खलासी आहे का? नाहीये. गुरुवारी रात्री भिवंडीचा माल भरतोय, त्याला लसूडियाला बोलावलंय. आईला खरं काय ते सांगून ये म्हटलं, आणि चप्पल घालून येऊ नकोस.