ई-सायकलीचे कुलूप कशाला लावावे?

ई-सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला मी कुलपाबद्दल नंतर विचारते. आधी विचारते की ती रात्री कुठे उभी राहणार आहे आणि त्या जागी जमिनीत किंवा भिंतीत पक्के रोवलेले असे काय आहे. हा प्रश्न मला नेदरलँड्सने शिकवला. मी उत्रेख्त शहरात राहते. सुमारे १.८ कोटी लोकसंख्येच्या या देशात २.३ कोटींच्या आसपास सायकली आहेत, आणि जिथे एवढ्या सायकली असतात तिथे सायकलचोरही पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात. तिथला सायकलस्वार त्यामुळे कुलपाच्या जाडीइतकाच विचार ते ज्याला अडकवायचे त्या खांबाचाही करतो.

या वेळी सुट्टीत ठाण्याला आले तेव्हा मानपाड्याला, भावाच्या सोसायटीत, खाली उभ्या असलेल्या ई-सायकलींची रांग पाहून मला मनापासून आनंद झाला. घोडबंदर रोडवरची वाहतूक आणि स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग यांना कंटाळलेल्या माणसाला पाच-सहा किलोमीटर अंतरासाठी याहून चांगले वाहन मिळणे कठीण आहे. भाच्यानेही नुकतीच एक घेतली आहे. मात्र रांगेतल्या बहुतेक सायकली ज्या रीतीने ठेवल्या होत्या, ते पाहून काळजी वाटली. कुणी केवळ कॅरिअरखालचे, मागच्या चाकाचे कुलूप लावले होते, कुणी बोटाएवढ्या केबलने दोन सायकली एकमेकींना बांधल्या होत्या, आणि ज्यांनी खरोखर दमदार कुलूप आणले होते त्यांनी ते पावसाच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपाला अडकवले होते. भाचा म्हणाला, “आत्या, लॉक तर मी रोज न चुकता लावतो.” त्याचे म्हणणे खरे होते, पण सायकल कशालाच बांधलेली नव्हती. चाकाचे कुलूप सायकल चालवू देत नाही, एवढेच त्याचे काम. ई-सायकलीचे वजन साधारण २० ते २५ किलो असते, म्हणजे दोन माणसे ती सहज उचलून टेम्पोत ठेवू शकतात आणि कुलूप पुढे कुठेतरी निवांतपणे तोडू शकतात.

नेदरलँड्समध्येही चाकाचे हे कुलूप जवळजवळ प्रत्येक सायकलीला असते, पण त्याच्या जोडीला साखळी किंवा यू-लॉक, म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे जाड कुलूप, लावून सायकलीचा सांगाडा एखाद्या स्थिर वस्तूला बांधायचा, हा तिथला शिरस्ता आहे. एआरटी नावाची संस्था कुलपांची कसोटी घेऊन त्यांना एक ते पाच तारे देते, आणि सायकलीचा विमा देणाऱ्या कंपन्या बहुधा किमान दोन तारे असलेल्या कुलपाची अट घालतात. ब्रिटनमध्ये हेच काम सोल्ड सिक्युअर ही संस्था करते व तिच्या श्रेणी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा आहेत. भारतात ऑनलाइन कुलूप घेताना खोक्यावर यांपैकी एखादी खूण आहे का, ते अवश्य पाहावे, कारण ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द कोणीही छापू शकतो. सायकलीच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलपांवर खर्च करावा, असा जुना संकेत आहे. ३५ हजारांच्या ई-सायकलीला साडेतीन हजारांची कुलपे जड वाटतील, पण केवळ बॅटरी नवी घ्यायची म्हटली तरी त्याहून बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

कुलपाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. बॅटरीवर चालणारे, लोखंड कापणारे हातातले ग्राइंडर बाजारात आल्यापासून न तुटणारे कुलूप असे फारसे काही राहिलेले नाही. साधी केबल पकडीने तुटते, बारीक साखळी बोल्ट कटरने तुटते, आणि चांगले यू-लॉकही ग्राइंडरपुढे मिनिट-दोन मिनिटेच टिकते. ग्राइंडरची पाती झिजवणारे विशेष लेप दिलेली कुलपे अलीकडे निघाली आहेत, पण ती महाग आणि जड असतात. म्हणून चोराला आवाज करावा लागेल, ठिणग्या उडवाव्या लागतील आणि लोकांच्या नजरेसमोर उभे राहावे लागेल, अशी परिस्थिती निर्माण करणे हेच कुलपाचे खरे काम. निर्जन कोपऱ्यातले पाच हजारांचे कुलूप वर्दळीच्या, उजेडाच्या जागेतल्या दोन हजारांच्या कुलपापेक्षा दुबळे ठरते. यू-लॉक घेताना त्याचा दांडा दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे अडकतो का, तेही पाहावे. तसे असेल तर चोराला एका ठिकाणी कापून कुलूप फिरवता येत नाही, त्याला दोनदा कापावे लागते. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी राहील तितका जॅक किंवा पहार घुसवायला वाव कमी राहतो. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये, कारण तिथे हातोडा मारणे सोपे जाते. किल्लीचे भोक खाली तोंड करून ठेवावे, म्हणजे ठाण्याच्या पावसात ते गंजून बसणार नाही.

आता बांधायचे काय? भारतात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींमध्ये मोटार मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये असते. बॅटरीखालोखाल तोच सगळ्यात महाग भाग, आणि तो दोन नट व एक वायर सुटली की चाकासकट निघून येतो. तेव्हा यू-लॉक सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणातून, मागच्या चाकातून आणि खांबातून असे एकत्र घालावे. पुढचे चाक साखळीने सांगाड्याला जोडावे. सीट हाताने सैल करता येणाऱ्या खटक्याची असेल तर तो खटका काढून साधा बोल्ट बसवून घ्यावा. कोणताही सायकल मेकॅनिक हे काम थोड्या वेळात करून देतो. खांब निवडताना सायकल त्याच्या टोकावरून वर काढता येत नाही ना, आणि खांब स्वतःच दोन बोल्टांवर उभा नाही ना, हे हलवून पाहावे.

बॅटरी चावीने निघणारी असेल तर ती घरी न्यावी, याबद्दल दुमत असू नये. युरोपात मूळ कंपनीची बॅटरी कित्येकदा ५०० युरोंहून महाग असते आणि चोर सायकल सोडून केवळ बॅटरी पळवतात. बॅटरी नसलेल्या सायकलीला चोरीचा माल घेणाराही पुरेशी किंमत देत नाही, त्यामुळे चोराचे लक्ष पुढच्या सायकलीकडे वळते. घरात आणलेली बॅटरी मुख्य दारापाशी किंवा पॅसेजमध्ये चार्जिंगला लावू नये, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायचा मार्गच बंद होतो. ती कंपनीच्याच चार्जरने आणि घरचे जागे असताना चार्ज करावी.

उत्रेख्तच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या चौकाखाली सायकलींसाठी तीन मजली वाहनतळ आहे. २०१९ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्यात सुमारे १२,५०० सायकली मावतात. प्रवेशाला कार्ड लागते, कर्मचारी सतत हजर असतात आणि पहिले २४ तास पैसे पडत नाहीत. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला बसगाड्यांच्या सॅटिस पुलाखालून चालताना मला त्या वाहनतळाची आठवण प्रत्येक वेळी येते. लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या ठाणेकराला सायकलीसाठी एक राखलेली जागा मिळाली, तर ई-सायकल ही सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारण्याची हौस उरणार नाही, ती नोकरदाराचे रोजचे वाहन होईल. नवी मुंबईत सिडकोने बांधलेली स्थानके प्रशस्त आहेत आणि त्यांच्या आवारात वाहनतळही आहेत. तिथे ही सोय करणे ठाण्यापेक्षा सोपे जावे. तोवर स्टेशनला जाणाऱ्यांनी डच लोकांची एक सवय उचलायला हरकत नाही. तिथले कित्येक जण स्टेशनसाठी जुनी, साधी सायकल वेगळी ठेवतात आणि महागडी ई-सायकल ज्या ठिकाणी आत न्यायची सोय आहे तिथेच नेतात.

तोडफोडीचा प्रश्न चोरीहून निराळा आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी सुमारे १२ ते १५ हजार सायकली बाहेर काढल्या जातात. त्यांतल्या काही वाऱ्याने पडलेल्या असतात आणि काही मुद्दाम ढकललेल्या. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मद्यालयांच्या रस्त्यावर ठेवलेल्या सायकलीचे चाक लाथेने वाकलेले आढळणे तिथे नवीन नाही. आपल्याकडे कारण बहुधा वेगळे असते. हवा सोडलेले टायर, ब्लेडने फाडलेली सीट, तोडलेली ब्रेकची वायर यांच्या मुळाशी पुष्कळदा जागेचे भांडण असते, कारण ई-सायकल कुणाच्या तरी स्कूटरच्या वाटेत, मीटरच्या खोलीपुढे किंवा जिन्याखाली उभी असते. जिन्याखाली ती ठेवूच नये. आगीच्या वेळी तीच वाट मोकळी लागते, आणि तिथे ठेवलेल्या वाहनाबद्दल शेजाऱ्यांचा राग रास्त असतो. ई-सायकलीच्या बाबतीत असा राग महागात पडतो, कारण साध्या सायकलीची ब्रेकची तार स्वस्तात बदलते, पण हँडलवरचा डिस्प्ले किंवा कंट्रोलरची वायर तुटली तर वाहन आठवडाभर अडकते. निघणारा डिस्प्ले असेल तर तो खिशात घालावा, उघड्या वायरी सांगाड्याला टायने घट्ट बांधाव्यात आणि सायकलीवर साधे, मळके दिसणारे आच्छादन घालावे. आच्छादनामुळे पाऊस अडतो, आणि त्याखाली काय आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नाही. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाका किंवा जांभळी नाक्याच्या बाजूला, आणि विसर्जनाच्या रात्री तलावांच्या रस्त्यांवर सायकल उभी करू नये. तिथे कुणाच्या मनात वाईट नसले तरी गर्दीच्या रेट्याने ती आडवी होते.

म्हणूनच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय रीतसर मांडावा, असा माझा भावाकडे आग्रह होता आणि वाचकांकडेही आहे. पार्किंगमध्ये एक कोपरा सायकलींसाठी ठरवून द्यावा, तिथे जाड लोखंडी पाइपाच्या उलट्या यू आकाराच्या कमानी काँक्रीटमध्ये रोवाव्यात, वर दिवा लावावा आणि कॅमेऱ्याचे तोंड त्या बाजूला करावे. कमान रोवणे हे साध्या फॅब्रिकेटरचे काम आहे आणि एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली बांधता येतात. नेदरलँड्समध्ये नव्या घरासोबत सायकल ठेवण्याची बंदिस्त जागा असावी, अशी बांधकामाच्या नियमांचीच अपेक्षा असते. आपल्या सोसायट्यांत अशी खोली काढणे अवघड आहे, पण कमानी रोवणे मुळीच अवघड नाही. वॉचमनला प्रत्येक सायकल कोणत्या फ्लॅटची आहे याची यादी द्यावी, कारण अनोळखी माणूस सायकल उचलून नेताना त्याने कोणत्या आधारावर हटकायचे? यादी हातात असली तर तो आत्मविश्वासाने विचारू शकतो.

ट्रॅकरविषयी मला बरेच जण विचारतात. सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर जागा थेट कळवतो, पण त्याला मासिक खर्च असतो आणि तळघरात त्याचा संपर्क तुटतो. एअरटॅगसारखी ब्लूटूथची टिकली स्वस्त पडते व आसपासच्या लोकांच्या फोनमार्फत जागा कळवते, त्यामुळे ठाण्यासारख्या गजबजलेल्या शहरात ती बरी चालते. मात्र कुणाचा गुपचूप पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टिकली सोबत फिरत असल्याचा इशारा ती फोनवर देते, आणि तो इशारा चोरालाही मिळू शकतो. ॲपवर उघडणाऱ्या कुलपावर पूर्ण भिस्त ठेवू नये, असे माझे मत २०२३ मध्ये पक्के झाले. ॲपने उघडणाऱ्या आणि स्वतःचा माग सांगणाऱ्या सायकलींसाठी नावाजलेली व्हॅनमूफ ही डच कंपनी त्या वर्षी जुलैमध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि कंपनीचे सर्व्हर बंद पडले तर आपलीच सायकल उघडायची कशी, या चिंतेने मालकांची धावपळ झाली. पुढे दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. ट्रॅकरने जागा दाखवली तरी एकट्याने तिथे जाऊ नये. ती माहिती पोलिसांना द्यावी.

शेवटी कागदपत्रे. भारतात २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची ई-सायकल मोटार वाहन मानली जात नाही. परवाना लागत नाही, आरटीओची नोंदणी लागत नाही, ही सोय आहे. पण त्याचमुळे तिला नंबरप्लेट नसते आणि ती आपली आहे हे सांगणारी सरकारी नोंदही नसते. नेदरलँड्समध्ये चोरीच्या सायकलींचे क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत जातात आणि जुनी सायकल घेणारा कोणीही सांगाड्याचा क्रमांक टाकून तपासू शकतो. आपल्याकडे हा पुरावा आपल्यालाच जपावा लागतो. सांगाड्याचा क्रमांक बहुधा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो. त्याचा, मोटारीच्या आणि बॅटरीच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो, जीएसटीचे बिल आणि दोन्ही चाव्या नीट ठेवाव्यात. चोरीचा विमा घेतला असेल तर दाव्याच्या वेळी नेदरलँड्समधल्या विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि इथेही ती मागणी होऊ शकते हे गृहीत धरावे. जुनी ई-सायकल घेताना बिल आणि मूळ चार्जर नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

सायकल गेलीच तर त्याच दिवशी कॅमेऱ्याचे चित्रण वेगळे काढून घ्यावे, कारण ते थोड्या दिवसांत आपोआप पुसले जाते. पोलीस ठाण्यात वस्तू गहाळ झाल्याची नोंद करून परतू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा गुन्हा नोंदवून प्रत घ्यावी, आणि तोडफोड असेल तर कलम ३२४ चा उल्लेख करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.