आमची वाटचाल: सत्तावीस मिलिमीटर

बाजारात एका खोक्यावर ‘भारतात बनलेला पहिला हातातला सॅटेलाइट अँटेना’ असं छापलेलं आहे. ते खोकं आमचं नाही. असे अँटेना आम्हीही बनवतो, आणि आमचं पहिलं बिल ऑगस्ट २००७ चं आहे, त्याची कार्बन कॉपी अजून फाइलला आहे. त्याच वर्षी विकलेला क्रमांक ७ चा सेट परवा दुरुस्तीला आला, तो टेबलावर बघूनच हे लिहायला बसले.

सुरुवात हॅमसॅटने झाली. ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ नेला, आणि सोबत आपल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी हा ४२.५ किलोचा उपग्रह. ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं, १४५ वर ऐकायचं. परवाना आमच्या ह्यांचा, मी फक्त अँटेना धरायला. गच्चीत हे खुर्चीवर रेडिओ घेऊन बसायचे आणि मी वेळूच्या काठीवर पडद्याच्या रॉडचे तुकडे बांधलेला अँटेना आकाशातून फिरवत राहायची. पासच्या, म्हणजे उपग्रह आकाशातून जातो तेवढ्या वेळाच्या, मधेच आवाज बुडायला लागला की हे ओरडायचे, “मनगट वळव!” मनगट वळवलं की आवाज परत वर यायचा. उपग्रह स्वतःभोवती फिरत असतो, त्याच्या लहरींची दिशा बदलत राहते, हे मी नंतर वाचलं. पुढे मीही परीक्षा दिली आणि व्हीयू३ ने सुरू होणारं माझं स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव घेतलं.

आमच्या वेळूच्या काठीचा माल झाला तो माझ्या धाकट्या दिरांमुळे. भाऊजी भोसरीला टूलरूममध्ये होते. ते म्हणाले, “वहिनी, गडावर न्यायचा तर तो सॅकमध्ये मावला पाहिजे, आणि वर गेल्यावर पाना लागता कामा नये.” त्यांनी प्रत्येक एलिमेंटचे, म्हणजे अँटेनाच्या आडव्या नळीचे, दोन तुकडे केले, नळीच्या तोंडात लेथवर काढलेली पितळी बुशिंग बसवली, आणि बूममधून, म्हणजे मधल्या दांडीतून, आरपार जाणाऱ्या एम४ च्या स्टडवर (आटे पाडलेल्या सळीवर) दोन्ही बाजूंनी हातानेच आवळायची सोय केली. दोन मीटरच्या पट्ट्याचे (१४५ मेगाहर्ट्झ) तीन एलिमेंट आणि सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्याचे (४३५ मेगाहर्ट्झ) पाच, एकाच बूमवर एकमेकांना काटकोनात, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. नऱ्ह्याला पत्र्याची शेड घेतली, जुनी चार फुटी लेथ आणली. तिचा बेड तेव्हाच झिजलेला होता. ती लेथ आजही चालते, आणि भाऊजी सोडून तिला कोणी हात लावत नाही.

पहिल्या गिऱ्हाइकांत वाईचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. पगारातून पैसे साठवून सेट घेतला, तोच हा क्रमांक ७. अवकाश स्थानकावरून १४५.८०० वर चित्रं पाठवतात तेव्हा गुरुजी शाळेच्या मैदानात पोरं गोळा करायचे, रेडिओचा आवाज लॅपटॉपला द्यायचा आणि चित्र एकेक ओळ करत पडद्यावर उतरताना बघायचं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात, आणि पास असतो जेमतेम दहा मिनिटांचा. तेवढा वेळ चाळीस पोरं गप्प बसायची, हे गुरुजींनी मला दहा वेळा तरी सांगितलंय.

२०१३ च्या दिवाळीआधी मुंबईचे एक व्यापारी आले. बाहेरून रेडिओ आणि केबल आणून विकायचे. नाव घेत नाही. शंभर सेटची ऑर्डर दिली, वीस सेटचा ॲडव्हान्स दिला. तोवर आमचे वर्षाला साठ-सत्तर सेट जायचे. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलं, अॅल्युमिनियमच्या नळ्या भरल्या, दोन मुलं कामाला ठेवली. माहितीपुस्तिका आमची आम्ही छापतो, असं सांगून त्यांनी फाइल मागितली. पेनड्राइव्हवर घालून ती मीच दिली.

त्या फाइलमध्ये एक चूक होती. दोन मीटरच्या डायरेक्टरची, म्हणजे सगळ्यात पुढच्या एलिमेंटची, लांबी ९२.५ सेंटिमीटर, ती टाइप करताना ९५.२ झाली होती. छापून आलेल्या प्रत्येक पुस्तिकेत मी निळ्या पेनाने आकडा खोडून बरोबर करून द्यायची. फाइल मात्र तशीच राहिली होती.

वीस सेट गेले. मग ‘पुढच्या महिन्यात उचलतो’ सुरू झालं. मार्च गेला, एप्रिलमध्ये फोन उचलणं थांबलं. जुलै २०१४ मध्ये हॅमसॅटची बॅटरी गेली आणि नऊ वर्षांनी तो उपग्रह कायमचा गप्प झाला. खरं तर आमचा अँटेना त्यामुळे वाया जात नव्हता. एसओ-५० ह्या दुसऱ्या हॅम उपग्रहावर तोच चालतो, फक्त बोलायचं १४५ वर आणि ऐकायचं ४३६ वर. पण लोकांना ‘आपला’ उपग्रह हवा होता. चौकश्या थांबल्या. शेडमध्ये ऐंशी सेटच्या नळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला.

त्याच पावसाळ्यात गुरुजी आले. भाच्याने घेतलेला अँटेना दाखवायला आणला होता. आमचा सेट ४,८०० ला जायचा, हा २,९०० ला मिळाला होता. तीच नारिंगी मूठ, तोच चौकोनी बूम. भाच्याची तक्रार, ताईंच्या अँटेनावर काही ऐकूच येत नाही. गुरुजींनी भाऊजींच्या टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली, एकेक एलिमेंट मोजला आणि म्हणाले, “ताई, हा डायरेक्टर तुमचा नाही. सत्तावीस मिलिमीटर जास्त आहे.”

मी पुस्तिका उघडली. ९५.२.

माझी टायपिंगची चूक त्या माणसाने अॅल्युमिनियममध्ये कापून विकली होती. डायरेक्टर लांब झाला की अँटेनाचा पुढच्या दिशेचा जोर वरच्या फ्रिक्वेन्सीवरून खाली सरकतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) चढतो, आणि क्षितिजाजवळचा कमजोर सिग्नल, ज्यासाठी यागी, म्हणजे असा अनेक एलिमेंटचा अँटेना घ्यायचा, तोच हातचा जातो. शिवाय त्यांनी स्टडऐवजी रिव्हेट मारले होते. चार वेळा जोडला-सोडला की सांधा ढिला पडतो आणि वारा आला की कानात खरखर. तो माल आमचाच समजून लोक आम्हाला फोन करायचे. एका कॉलेजच्या सरांनी लिहिलं, “ताई, तुमच्यावर विश्वास होता.” तो कागद मी ठेवलाय.

वकिलांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, डिझाइन नोंदवलंय का? नव्हतं. ज्यांची छोटी वर्कशॉप आहेत त्यांना सांगते, डिझाइनची नोंदणी वस्तू बाजारात आणायच्या आधी करायची असते, विकायला लागल्यावर जाऊन उपयोग नाही. आणि ड्रॉइंगची फाइल कोणालाही देऊ नका. कागद द्या.

दोन्ही मुलांना सोडावं लागलं. ह्यांची मोटरसायकल विकली. माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. लेथ विकायची बोलणीही झाली होती. गिऱ्हाईक बघून गेलं त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत. तेव्हा गुरुजींनीच सुचवलं, “कापून द्या की लोकांना.” आम्ही कळवलं, कोणाकडूनही घेतलेला असू दे, डायरेक्टर दुरुस्त करून देऊ, दीडशे रुपयांत. दोन्ही टोकांकडून साडेतेरा-साडेतेरा मिलिमीटर. एकतीस अँटेना आले. भाऊजींनी एकतीसच्या एकतीस रिव्हेट काढून स्टड घातले, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, का? ते म्हणाले, “सांधा ढिला असलेला माल माझ्या हातून जाणार नाही.” त्या एकतीस जणांतल्या बऱ्याच जणांनी पुढे आमच्याकडूनच माल घेतला.

कर्ज मात्र उरलेल्या नळ्यांनी फेडलं. १३७ मेगाहर्ट्झवर अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हवामान उपग्रह उघड चित्रं पाठवायचे. त्यासाठी लागतात अँटेनाचे फक्त दोन हात, म्हणजे दोन नळ्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन, आडवे. त्याला संगणकाला लावायचं एक रेडिओ डोंगल जोडायचं. अरबी समुद्रावरचे ढग आपल्या गच्चीत येतात हे बघून इंजिनिअरिंगची मुलं वेडी व्हायची. सोबत गडावर न्यायची एचएफची, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओसाठीची, पिशवी काढली. वीस मीटर तार, टोकाला एकास एकोणपन्नासचा ट्रान्सफॉर्मर, घडीची फायबरची काठी आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. ट्रान्सफॉर्मरचे वेढे मी घालते, अजूनही. २०१८ मध्ये पाटल्या घरी आल्या. त्यानंतरची वर्षं नीट गेली.

गडावर जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तटबंदीत खुंट्या ठोकू नका, ताण दगडाला बांधा. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले की तार आधी उतरवा, मग चर्चा करा. ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला खालून तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. पाणी कितीही अडवलं तरी दव आत जमतंच, त्याला बाहेर जायला वाट हवी. ४३५ साठी आरजी-५८ ची दहा मीटर केबल लावू नका, निम्मा सिग्नल केबलच खाते. आणि उपग्रहावर आधी ऐका. स्वतःचा आवाज परत ऐकू येत नसेल तर पॉवर वाढवून तो येणार नाही, आणि जास्त पॉवरने तुम्ही दुसऱ्यांचा आवाज दाबता.

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हा आठवडाभर फोन खाली ठेवता आला नाही. पुढच्याच महिन्यात नोआचे शेवटचे दोन जुने उपग्रहही बंद झाले. ह्या वेळी मी घाबरले नाही. रशियाचे मेटिऑर उपग्रह त्याच १३७ च्या पट्ट्यात चित्रं पाठवतात, अँटेना तोच चालतो, फक्त सॉफ्टवेअर बदलायचं. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना तसं कळवून टाकलं.

ते व्यापारी अजून धंद्यात आहेत. डायरेक्टरचं माप मध्यंतरी त्यांनी सुधारलं. ‘पहिला’ हा शब्द खोक्यावर तसाच आहे.

गुरुजी आता निवृत्त झालेत. नवा सेट देते म्हटलं तर घेत नाहीत. क्रमांक ७ ची मूठ बदलली, बीएनसी कनेक्टर बदलला, भाऊजींनी एक स्टड नवा घातला. डायरेक्टर मी स्वतः मोजला. ९२.४ भरला. एक टोक दगडावर घासलंय. तेवढं चालतं. गुरुजी शनिवारी न्यायला येणार आहेत.