साम्रदच्या खळ्यातून नरतुरंगापर्यंत

मार्चमधली अमावास्या गाठून निघालो. कसारा घाट, घोटी, भंडारदरा करत साम्रदला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ज्यांच्याकडे उतरलो त्या मामांच्या खळ्यात आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, मांडली. तिला मोटर नाही. नळी हाताने ढकलायची आणि नकाशा बघत एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं. मला हेच आवडतं, कारण अशी शोधलेली वाट पुन्हा विसरत नाही.

जेवणं झाली, गावातले दिवे मालवले. अर्ध्या तासाने डोळे अंधाराला सरावले आणि सुरुवात सप्तर्षींपासून केली. त्यांतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंतची रेघ तेवढीच पुढे नेली की एम ८१ आणि एम ८२ सापडतात. (एम म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलनिरीक्षकाची यादी.) बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये शोधलेल्या या दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एक लंबगोल, एक काडीसारखी, अठ्ठेचाळीस पट वर्धनात शेजारी शेजारी दिसल्या.

खरा कस लागला सिंहेतल्या तीन दीर्घिकांच्या त्रिकुटाला. पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांतला दक्षिणेकडचा, थीटा, फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या दुर्बिणीत) धरायचा आणि सिंहेतल्याच आयोटा ताऱ्याच्या दिशेने निम्मी वाट जायचं. लिहायला सोपं आहे! पण सिंह जवळजवळ डोक्यावर, तिथे डॉब्सोनियन वळता वळत नाही, आणि फाइंडरमधलं चित्र उलटं. दोनदा भलतीकडेच गेलो. तिसऱ्यांदा नकाशाच उलटा धरला, लाल टॉर्चच्या उजेडात एकेक तारा जुळवत उतरलो, आणि एम ६५, एम ६६ हे दोन धुरकट ठिपके एकदम आले. तिसरी दीर्घिका, एनजीसी ३६२८, थेट बघितली की नाहीशी व्हायची. नजर जरा बाजूला ठेवली तेव्हा तिची फिकट पट्टी उमटली. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, कडेला असतात. तीन कोटींहून जास्त वर्षं चाललेला तो प्रकाश पाहून मी बराच वेळ नुसता उभा होतो.

दीडच्या सुमारास मामा घोंगडी पांघरून बाहेर आले. तोवर चित्रा दक्षिणेला माथ्यावर आली होती. हात लांब करून तिच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोजल्या, की नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा हा गोलाकार तारकागुच्छ मेसिएच्या यादीत नाही. मेसिए पॅरिसहून बघायचा आणि तिथून हा क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याकडे मात्र चांगला वीसेक अंश वर येतो.

मामांनी डोळा लावला. "वरई सांडल्यावानी दिसतंय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दादा, हे पळतंय की!"

"पृथ्वी फिरतेय, मामा. नळीला बोटाने हलकंच ढकला."

त्यांनी ढकललं. गुच्छ परत मधोमध आला. पुढची वीस मिनिटं दुर्बीण त्यांच्याच हातात होती.