तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकरी तर रोज रानातच असतो, मग त्याला टेन्शन कसं?

मी लातुरात कौन्सिलिंग करते आणि काही जणांची सेशन खोलीत न घेता बाहेर, झाडाखाली नाहीतर चालता चालता घेते हे कळलं की माणूस दोन मिनिटं ऐकून घेतो आणि मग हा प्रश्न टाकतोच. लग्नाच्या पंगतीत टाकतात, बँकेच्या रांगेत टाकतात, आमच्या चुलत सासऱ्यांनी तर भर बैठकीत विचारलं होतं, "निसर्गानं मन बरं व्हायलंय म्हणता, मग आमच्याइतकं सुखी कुणीच नसाय पाहिजे, जन्म गेला की रानात. आमच्याच लोकावर ही पाळी कामून यायलीय?" सगळे हसले. मला मात्र वाटलं की या विषयावर शहरातले लोक जे गोडगोड लिहितात ना, झाडाला मिठी मारा वगैरे, त्या सगळ्याला हा एक प्रश्न पुरून उरतो. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी मी करते काय ते. बोलून करायची जी थेरपी खोलीत असते तीच ही, नियम तेच, वेळ तीच, फीसुद्धा तीच, जागा तेवढी बदलते. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली शिनरिन-योकू म्हणून जंगलात निवांत हिंडायची कल्पना लोकांपुढं मांडली, पण ते जपान, तिकडं जंगल आहे. आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही हो. त्यामुळं आमचा निसर्ग म्हणजे कॉलेजच्या ग्राउंडच्या कडेचे लिंब, एखाद्या तलावाची पाळू, आणि फारच झालं तर रविवारी उदगीरकडं देवर्जनजवळचं हत्तीबेट.

आणि एवढ्यानंही फरक पडतो, विशेषतः पोरांना. लातूर पॅटर्नच्या नावानं कुठून कुठून पोरं येतात इथं, नीटची तयारी, त्यात कुणी रिपीटर, दहा बाय दहाच्या रूमवर तिघं, सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रात्री अभ्यासिका, आभाळ बघायचं म्हणजे मेसला जाताना बघायचं तेवढंच. असं पोरगं माझ्यासमोर खुर्चीत बसलं की टेबलाकडं बघत हो मॅडम नाही मॅडम करतं, कारण समोर मोठं माणूस बसून प्रश्न विचारतंय म्हणजे त्याच्यासाठी ती अजून एक तोंडी परीक्षाच. तेच बरोबरीनं चालत असलो तर नजरेला नजर द्यावी लागत नाही, मधे गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही, चालतच असतो ना, आणि मग दुसऱ्या चकरेला कधीतरी ते आपणहून म्हणतं की घरी मार्क खोटे सांगितलेत. (घरच्यांची परवानगी आधीच घेतलेली असते, तरी एखाद्या वडिलांचा फोन येतोच, "मॅडम, पोराला फिरवायचे पैसे द्यायलो का आम्ही?")

आता मूळ प्रश्न. निसर्गाचा मनावर परिणाम होतो याचा अभ्यास खूप झालाय. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा पेपर सगळ्यात जास्त सांगितला जातो, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत, तर झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. दुसरा स्टॅनफर्डचा, २०१५ चा, लोकांना ९० मिनिटं चालायला लावलं, अर्ध्यांना झाडागवतातून, अर्ध्यांना गाड्यांच्या रस्त्याच्या कडेनं, आणि पहिल्यांचं तेच तेच वाईट उगाळत बसणं कमी झालं. पण या दुसऱ्या अभ्यासातले लोक कोण होते माहितीय? शहरात राहणारे, धडधाकट, मानसिक आजार नसलेले. त्यांना त्या झाडागवतातून काही पिकवायचं नव्हतं. तो निष्कर्ष उचलून निलंग्याच्या किंवा औशाच्या शेतकऱ्याला कसा लावणार तुम्ही?

यावर मला सगळ्यात पटणारं उत्तर दिलंय मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लान या जोडप्यानं, १९८९ मध्ये. त्यांचं म्हणणं असं की सतत लक्ष देऊन देऊन मेंदू थकतो आणि काही जागा त्याला विश्रांती देतात, पण अशा जागेत काही गोष्टी असाव्या लागतात आणि त्यातली एक म्हणजे रोजच्या धबडग्यापासून लांब असणं. किलोमीटरनं लांब नव्हे, डोक्यानं लांब. आता सांगा, शेतकरी स्वतःच्या सोयाबीनमध्ये उभा आहे, तो कशापासून लांब आहे? पुण्याहून आलेल्या भाचीला हिरवंगार दिसतं, ती फोटो काढते, आणि त्याला त्याच हिरव्यात एक पिवळं पान दिसतं आणि मोझॅक रोग आला की काय म्हणून पोटात गोळा येतो. पाऊस पडला की आपण भज्याचा विचार करतो, तो काढून टाकलेल्या सोयाबीनच्या ढिगाचा करतो. २०२२ ला शंखी गोगलगायींनी उगवलेलं कोवळं पीक खाल्लं तेव्हा लोक रात्री बॅटऱ्या घेऊन रानात गोगलगायी वेचायचे, तेही निसर्गात फिरणंच झालं की. त्याच्यासाठी रान म्हणजे ऑफिस, बँकेचा हप्ता आणि पोरीचं लग्न, सगळं एकाच बांधावर. ऑफिसातल्या माणसाला आपण म्हणतो का, टेन्शन आलंय ना, मग अजून दोन तास ऑफिसात बस?

हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना अभ्यासाशिवाय कळलेलं होतं असं मला वाटतं, नाहीतर येळवस कशाला असती. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव आपापल्या रानात जेवायला जातं, शहरात दुकानं बंद, रस्ते ओस. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबिल, खीर, आणि ज्याला रान नाही त्याला आग्रहानं बोलवायचं. रान तेच, माणूस तोच, पण त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. रोजच्या जागेलाच एक दिवस रोजच्यापासून लांब नेऊन ठेवायचं. मला हे कॅप्लानपेक्षा भारी वाटतं, माहेरचा अभिमान म्हणा हवं तर.

म्हणून शेतकरी पेशंट आला तर मी त्याला झाडाखाली नेतेच असं नाही. एक काका होते (ओळख पटू नये म्हणून बारकावे बदललेत), झोप नाही, चिडचिड, जेवण तुटलेलं. त्यांना बाहेर नेलं तर ते पाचव्या मिनिटाला शेजारच्या तुरीवर बोलायला लागले आणि आवाज चढला. त्यांच्याशी खोलीतच, पंख्याखाली बसून नीट बोलता आलं. आणि त्यातला बराच वेळ कर्जाच्या कागदांवर गेला, कुठल्या टेबलाला जायचं, काय विचारायचं, कारण कर्ज हे दुःखाचं कारण असताना नुसतं दीर्घ श्वास घ्या म्हणणं मला तरी जमत नाही. गोळ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्याही घेतल्या त्यांनी.

हेही सांगून ठेवते की बाहेरचं सेशन सगळ्यांना चालत नाही. आजार जास्त असेल, भास होत असतील, जीव नकोसा झाला असेल तर आधी डॉक्टर, आणि रात्रीबेरात्री कुणीच हाताशी नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. लिथियमची गोळी (मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजारावर देतात ती) चालू असलेल्याला उन्हात नेत नाही, घामानं अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, त्या दिवसात सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहालाच सुरू करावं लागतं. शिवाय लातूर केवढं, चार पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच, "काय मॅडम, इकडं कुणीकडं?" तेव्हा काय सांगायचं हे पेशंटनं आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान हलवते.

ते काका बरेच सावरले नंतर. येळवशीला स्वतःच्या कोपीत बसले की त्यांना राहवत नाही, जेवता जेवता उठून तूर बघायला जातात, ही त्यांच्या बायकोची जुनी तक्रार. मग गेल्या येळवशीला घरच्या रानात नुसती पूजा उरकली आणि जेवायला सगळे काकांच्या बहिणीच्या रानात गेले. तिथं त्यांनी मेहुण्याच्या ज्वारीत काय काय चुकलंय ते सांगितलंच म्हणे. पण ज्वारी मेहुण्याची होती, त्यामुळं सांगून झाल्यावर ताटावर येऊन बसले आणि भज्जी दोनदा मागून घेतली.