मोहरी, मिरी, वाटाणा: तांबळडेगच्या वाळूत दोन रात्री

फोंडा घाट उतरून नांदगाव तिठ्यावर चहाला थांबलो, तेव्हा बायकोने मागच्या सीटकडे बघत विचारलं, "माहेरी मी चाललेय की तू?" मागे तिची एक बॅग होती. बाकी सगळं माझं: घडीची खुर्ची, चटई, तोंडाला पतंगाचा लाल कागद बांधलेली बॅटरी आणि दोन बायनॉक्युलर. त्यातला एक केवळ लाजेखातर आणला होता. त्याचं पुढे सांगतो.

आकाश बघायचा माझा हिशोब सोपा होता. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, पाठोपाठ अमावस्या. चंद्राची कटकट नाही, हवेत अजून थंडी, आणि देवगड तालुका पुण्याहून जवळजवळ सव्वादोन अंश दक्षिणेला, म्हणजे दक्षिणेचे तारे तेवढे वर. हिशोबात एकच गोष्ट धरायची राहिली होती. कुणकेश्वरची जत्रा! देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, त्यामुळे किनाऱ्यावर अंधार असणार असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात पाळणे, खाजाची दुकानं, दर्शनाची रांग आणि लाटांच्या फेसापर्यंत पोचलेला हॅलोजनचा उजेड. दर्शन छान झालं. आकाशात मात्र व्याध आणि गुरू एवढीच मंडळी ओळख दाखवत होती.

म्हणून दुसऱ्या रात्री मिठबावला, बायकोच्या काकांकडे. काका आयुष्यभर शिपवर होते, आता आंब्याची कलमं बघतात. माझं सामान बघून त्यांनी तो लाजेखातर आणलेला बायनॉक्युलर आधी उचलला. दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला, २० बाय ५०, भिंगांवर माणकासारखा लाल मुलामा. घेताना वाटलं होतं, वीसपट म्हणजे दहापटीच्या दुप्पट मजा. काकांनी तो अंगणातून आकाशाकडे रोखला, डोळ्याला न लावता हातभर लांब धरला आणि म्हणाले, "ह्यां बघा, जावयबापू. मोहरी."

खरंच, डोळ्याच्या भिंगात उजेडाचा एक बारीक ठिपका दिसत होता. मग त्यांनी माझा दुसरा, १० बाय ५०, तसाच धरला. ठिपका मिरीएवढा. आणि आतून स्वतःचा आणला, जुना, जड, काळा रंग उडालेला ७ बाय ५०. त्यात वाटाणा.

यामागचं गणित मला पाठ होतं, पण स्वयंपाकघरातल्या मापात ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते: अडीच, पाच, सात मिलिमीटर. तिन्हींची पुढची भिंगं सारखीच, तरी अंधुक तेजोमेघ वीसपटीत आणखी फिका होतो, कारण तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. आता वाटाणा सगळ्यात चांगला का? नाही ना. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत बहुतेकांची पाचच्या आसपास अडकते. म्हणजे काकांच्या बायनॉक्युलरमधला बराच उजेड माझ्या बुबुळावर पडून वाया जाणार. माझं वय मिरीचं आहे.

ठिपका गोल आहे का, हेही बघायचं. कडा छाटून तो चौकोनाकडे झुकत असेल तर आतले लोलक हलक्या काचेचे. माझ्या मोहरीवाल्यात तो तसाच होता. लाल मुलामा दिसायला भारी, पण लाल रंगाचा प्रकाश परतवून लावतो. दुकानात हिरवट-जांभळी झाक असलेली भिंगं मागावीत. आणि झूमवाला तर कुणी फुकट दिला तरी चुलत भावाला द्यावा.

रात्री आठला तांबळडेगच्या किनाऱ्यावर. उत्तरेला जत्रेची लाली अजून होती, दक्षिणेला सुरूच्या झाडांवर काळंभोर आकाश. मी उत्साहाने उभं राहूनच गुरूकडे बायनॉक्युलर लावला. मिथुनेतला गुरू मुंगीसारखा सैरावैरा धावायला लागला.

"हात हलता म्हणान आकाश हलता," काका म्हणाले. "आधी बसा बघया. उभ्यान काय दिसतला?"

दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो. डोलणाऱ्या जहाजावर ७ बाय ५० वापरतात ते याचसाठी. हातात धरून बघायचं तर दहापट ही माझ्या मते शेवटची पायरी, पुढे तिवई लागते. काकांनी मला घडीच्या खुर्चीत मागे रेलून बसवलं, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायला लावली, अंगठे गालाच्या हाडांना, आणि बोटं डोळ्याजवळून काढून पुढच्या भिंगांकडे सरकवली. मग माझी क्रिकेटची टोपी घातली आणि तिची झापडही बायनॉक्युलरबरोबर चिमटीत धरायला सांगितली. म्हणजे डोकं, टोपी, बायनॉक्युलर सगळं एक. गुरू थांबला. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीने टोचल्यासारखे चार उपग्रह, एका ओळीत.

फोकसची एक चूक मी दोन वर्षं करत होतो, ती सांगून टाकतो. मधलं चाक फिरवायचं आणि सोडून द्यायचं, असा माझा समज. दोन डोळ्यांचा नंबर सहसा सारखा नसतो. उजवं भिंग हाताने झाकून डाव्या डोळ्याने तारा अगदी टोकदार होईपर्यंत मधलं चाक फिरवायचं. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. ती कडी आहे हेच मला माहीत नव्हतं. साधा लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढला तरी चालतो, फोकस सांभाळून घेतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो, आणि मग डोळा भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल असा बायनॉक्युलर बघून घ्यावा.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले कळलं नाही. शोधायची युक्तीही काकांचीच: नजर ताऱ्यावरून काढायची नाही, बायनॉक्युलर नजरेच्या आड आणायचा. कृत्तिका आधी. नुसत्या डोळ्यांना सहा-सात, आणि आत शिरल्यावर निळसर हिऱ्यांची ओंजळ. गॅलिलिओने १६१० साली आपल्या दुर्बिणीतून इथले छत्तीस तारे नोंदवले होते. मी एकतीसवर हिशोब चुकलो. मृगात, त्रिकांड बाणाच्या खाली, तेजोमेघ: आरशावर श्वास टाकावा तसा धुरकट डाग. व्याधाच्या चार अंश खाली एक तारकागुच्छ आहे. १० बाय ५० मध्ये साधारण साडेसहा अंश आकाश मावतं, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले तेरा चंद्र, त्यामुळे व्याध आणि तो गुच्छ एकत्र बसतात. मोठ्या टेलिस्कोपला हे जमत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. तिथल्या एका कार्यक्रमात मी टेलिस्कोपच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो होतो, आणि माझ्या मागचे आजोबा तेवढ्यात बायनॉक्युलरने सगळं आकाश फिरून आले होते.

दहाच्या सुमारास भिंगांवर दमट थर आला. मी शर्टाचं टोक पुढे केलं तर काका जवळजवळ ओरडलेच. समुद्रकाठच्या दमट थरात मीठ असतं, आणि मिठाचे कण कापडाखाली काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने हवा, मग भिंगाच्या कापडाने हलक्या हाताने. पावसाळ्यात ते आपला बायनॉक्युलर स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतात. नाहीतर कोकणात भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती एकदा आत शिरली की दुरुस्तीवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पहाटे चारला गजर लावून एकटाच परत आलो. चित्रा दक्षिणेला चांगली वर आली होती. तिच्याखाली सरळ रेषेत, ताणलेल्या हाताच्या साडेतीन मुठी मोजल्या. वाळूवर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी ओढून ठेवलेली, तिच्या काठावर कोपरं टेकवली. सुरूच्या शेंड्यांवर त्रिशंकू जरा कलला होता, आणि मुठी जिथे संपल्या तिथे, नरतुरंग तारकासमूहात, कापसाच्या बोंडासारखा एक गोळा. ओमेगा सेंटॉरी. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर होता, तेव्हा त्याला हा साधा तारा नसल्याचं कळलं. इंग्लंडातून तो क्षितिजावर येतच नाही. तांबळडेगहून क्षितिजाच्या वर सव्वीस अंश. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचे सुमारे एक कोटी तारे, आणि माझ्या कोपराखाली माशांच्या वासाचं ओलं लाकूड.

"काय दिसता?" मागून आवाज. रापणीवाल्यांपैकी कुणीतरी लवकर आला होता. मी गोळा दाखवायला बायनॉक्युलर पुढे केला. त्याने तो घेतला, क्षणभर वर धरला, "हां, दिसता, दिसता," म्हणाला आणि सरळ समुद्राकडे वळवला. क्षितिजावर मासेमारी बोटींचे पांढरेफटक दिवे होते. त्याने ते एकेक करत मोजले.

"पाच. एलईडीवाले," म्हणाला, आणि बायनॉक्युलर परत दिला. उजव्या भिंगावर त्याच्या ओल्या अंगठ्याचा ठसा होता. माझा हात शर्टाकडे गेलाच होता.