पॅकर्सचे रिसीव्हर: वॉटसनचं कोडं निम्म्याहून जास्त सुटलं

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नाही, कारण मॉडेल एकाच जागी अडून बसलं होतं. आता हललंय. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सच्या वाइड रिसीव्हरांची (पास पकडणाऱ्यांची) डेप्थ, म्हणजे पहिले खेळाडू गेले तर मागे किती दम उरतो ते, नीट मोजायचा आपला जो खटाटोप चालू आहे, त्यात ख्रिश्चन वॉटसनपाशी घोडं अडलं होतं. त्याचा हिशेब लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय बाकीच्यांचा लावण्यात अर्थ नव्हता.

जुनी पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: पहिले दोघे बाजूला काढायचे, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या खेळाडूंचे प्रति रूट (रिसीव्हरने पळायचा ठरलेला मार्ग) यार्ड घ्यायचे, रिप्लेसमेंट पातळी (सहज मिळणाऱ्या खेळाडूची कामगिरी) वजा करायची आणि बेरीज मांडायची. सिनसिनाटीसारखा संघ या पद्धतीत बरोबर पकडला जातो. २०२४ मध्ये जमार चेसचे १२७ कॅच आणि १७०८ यार्ड, टी हिगिन्सचे १२ सामन्यांत ९११ यार्ड, आणि त्यांच्यानंतर सरळ कडा. ग्रीन बेचं चित्र नेमकं उलटं. त्याच मोसमातली टार्गेट, म्हणजे प्रत्येकाकडे टाकलेले पास, बघा: विक्स ७६, रीड ७५, डब्स ७२, टाइट एंड (ब्लॉकिंगही करणारा, पासही पकडणारा) क्राफ्ट ७०, वॉटसन ५३. यार्डांत रीड ८५७, वॉटसन ६२०, डब्स ६०१, विक्स ४१५. डाव्हांते अ‍ॅडम्सच्या २०२१ मधल्या १५५३ यार्डांनंतर इथे कुणी हजाराचा टप्पा गाठलेला नाही. सगळे एका उंचीचे, त्यामुळे सूत्र पॅकर्सवर बेहद्द खूश होतं.

आणि मग १२ जानेवारी २०२५, फिलाडेल्फियातला प्लेऑफ सामना. वॉटसन आठवडाभर आधीच बेअर्सविरुद्ध गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटून बाहेर गेलेला. सामन्यात डब्सला कन्कशन (डोक्याला मार) झालं, मोसमातलं दुसरं. रीड खांदा धरून बाहेर गेला. उरले विक्स, मेल्टन आणि हीथ. क्वार्टरबॅक लव्हची तीन इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास), पासवर एकही टचडाउन नाही, एकमेव टचडाउन रनिंग बॅक जेकब्सच्या धावण्यातून, आणि २२-१० अशी हार. ज्या फळीला माझा तक्ता लीगमधल्या सर्वांत खोल फळ्यांमध्ये धरत होता, ती गरजेच्या दिवशी उभीच राहिली नाही. तीन जण एकदम गेल्यावर कुठलाही संघ कोलमडेल, हे मान्य. पण मला खटकलं ते वेगळंच. पहिल्या हाफात डब्स आणि रीड दोघेही मैदानावर होते, तेव्हाही मधल्या पट्ट्यात जागा मिळत नव्हती. म्हणजे प्रश्न किती जण गेले याचा नव्हता, कोण गेला याचा होता.

इथून खरी डोकेदुखी सुरू झाली. वॉटसनच्या नावावर २०२४ चे २९ कॅच आहेत, सरासरी २१.४ यार्ड. पण त्याचं मोठं काम बॉल न येता होतं. तो सरळ खोल पळतो, सेफ्टीला (सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) ओढून नेतो आणि त्याच्या पाठीमागे क्राफ्ट किंवा रीड मोकळा होतो. टार्गेटवर बेतलेलं कुठलंही माप याचं श्रेय क्राफ्टला देतं, वॉटसनला शून्य. सगळं समजत होतं, पण आकड्यात धरता येत नव्हतं.

आधी साधं ऑन-ऑफ केलं: वॉटसन रूटवर असतानाच्या पासचं ईपीए (प्लेमुळे अपेक्षित गुणांत पडलेली भर) आणि नसतानाचं. फरक दिसला, वॉटसनच्या बाजूनेच दिसला, पण त्यावर भरवसा कसा ठेवायचा? दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात लव्हऐवजी क्वार्टरबॅक मलिक विलिस होता. कोल्ट्सविरुद्ध पॅकर्सनी ५३ वेळा धाव घेतली आणि विलिसने जेमतेम १४ पास टाकले. अशा सामन्यातले रूट मोजून रिसीव्हरबद्दल काय कळणार? ते काढले. शेवटच्या क्वार्टरमधले निकाल ठरून गेल्यानंतरचे प्ले काढले. उरलेला ढीग इतका लहान झाला की दोन-चार लांब कॅचवर सगळं चित्र फिरायला लागलं.

मग रिज रिग्रेशन. कल्पना चांगली: प्रत्येक पास प्लेला मैदानावरच्या पाचही जणांना एकेक चलपद द्यायचं आणि कोणाच्या असण्याने किती फरक पडतो ते एकत्रच सोडवायचं. यातही मेख निघाली. तीन रिसीव्हरांच्या सेटमध्ये रीड जवळपास कायम असतो, त्यामुळे त्याला 'नसताना'चा नमुनाच पुरेसा मिळत नाही. त्यातून पाचव्या आठवड्यात रॅम्सविरुद्ध वॉटसन घोट्याच्या दुखापतीने आणि डब्स निलंबनामुळे एकाच दिवशी बाहेर. दोघांचा परिणाम एकमेकांत असा मिसळला की गणिताला तो वेगळा काढता येईना. रिजची पेनल्टी (आकडे शून्याकडे ओढणारा दाब) वाढवली की सगळे शून्याला चिकटतात, कमी केली की मलिक हीथ लीगमधला अव्वल रिसीव्हर ठरतो. एका मोसमाच्या डेटावर रिज चालवायच्या भानगडीत कुणी पडू नका, हा माझा कळकळीचा सल्ला.

वाट सापडली ती निकालाकडे बघणं सोडून बचावाकडे बघितल्यावर. पास पूर्ण होणं न होणं यात लव्हचा हात, ड्रॉप, लाइनचा दबाव असं सगळं मिसळतं. पण सेफ्टी काय करतो, ते त्या क्षणी त्याला कोणाची धास्ती आहे यावरच ठरतं. म्हणून कोचेस फिल्म (वरून घेतलेली, सगळे खेळाडू दिसणारी) घेऊन हाताने चार्टिंग सुरू केलं. निकष ठरवून घेतले: फक्त लव्ह, फक्त ११ पर्सोनेल (एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर), पहिला आणि दुसरा डाउन, पहिले तीन क्वार्टर. प्रत्येक प्लेला तीनच नोंदी. स्नॅपला (प्ले सुरू होताना) त्या बाजूचा सेफ्टी किती यार्डांवर, बॉल हातातून सुटताना किती यार्डांवर, आणि कॉर्नरला (रिसीव्हरला चिकटून असणारा बचावपटू) वरून मदत होती की नाही.

एकदा ही नजर बसली की सेफ्टीचे पाय सगळं सांगतात. वॉटसन डावीकडे मैदानावर रंगवलेल्या नंबरांच्या बाहेर उभा असेल, तर त्या बाजूचा सेफ्टी स्नॅपच्या आधीच अर्धं पाऊल मागे टाकतो. वॉटसनने पाचवं-सहावं पाऊल टाकलं की त्याची कंबर वळते, पाठ मैदानाच्या मध्याकडे होते, आणि बारा ते अठरा यार्डांचा पट्टा उघडा पडतो. त्याच जागी, त्याच रूटवर विक्स असेल तर सेफ्टी पाय रोवून उभा राहतो, खांदे क्वार्टरबॅककडे, कंबर न वळवता. फरक एवढा ढळढळीत आहे की पुढे पुढे मी रिसीव्हरचा नंबर न बघता फक्त सेफ्टीकडे बघून ओळखायला लागलो आणि मग नंबर तपासला. या नोंदी तक्त्यात उतरल्या तेव्हा वॉटसनचा रकाना पहिल्यांदाच इतरांपासून ठळकपणे सुटा दिसला. इतकं समाधान या प्रोजेक्टमध्ये आधी कधी मिळालं नव्हतं.

आता मॉडेलची रचनाच बदलली आहे. क्रमवारी बंद. त्याऐवजी उभ्यात खेळाडू आणि आडव्यात कामं: एक्सवर (कडेला, थेट लाइनवर उभ्या रिसीव्हरच्या जागी) अंगावर येणारं प्रेस कव्हरेज फोडणं, खोल पळून पट्टा मोकळा करणं, स्लॉटमधून (कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या जागेवरून) मधल्या भागात खेळणं, मोशन आणि जेट (स्नॅपआधी आडवं पळणं), थर्ड डाउनचा भरवशाचा हात, आणि धावेच्या वेळी ब्लॉकिंग. शेवटचं काम काही जणांना क्षुल्लक वाटेल, पण प्रशिक्षक लाफ्लूरच्या पद्धतीत ब्लॉक न करणारा रिसीव्हर मैदानावर टिकत नाही. हीथला स्नॅप मिळायचे ते त्याच बळावर. क्रिकेटमध्ये पाच उत्तम सलामीवीर असले तरी यष्टिरक्षक जखमी झाला की पंचाईत होते, तसं हे आहे. मग एकेकाला काढायचं, मग दोघादोघांना काढायचं, उरलेल्यांतून कामं पुन्हा वाटायची, आणि किती कामं किमान पातळीखाली जातात ते मोजायचं.

डब्सला काढलं तर विक्स एक्सवर येतो. रूट तोडीस तोड पळतो, जागाही काढतो, पण हात तितके पक्के नाहीत. २०२३ मध्ये त्याने ५८ टार्गेटांत ३९ कॅच आणि ५८१ यार्ड केले. २०२४ मध्ये कॅच तेवढेच ३९, टार्गेट १८ जास्त आणि यार्ड ४१५. तरी काम निभतं. रीडला काढलं तर स्लॉट थोडा दुबळा होतो, मोशनचं वैविध्य कमी होतं, पण तिथेही माणसं आहेत. वॉटसनला काढलं की एक अख्खा रकाना रिकामा.

आणि हे लिहिता लिहिताच एक गोष्ट लक्षात येतेय. रॅम्सविरुद्धचा तो सामना दोन प्रमुख रिसीव्हर नसताना पॅकर्स २४-१९ जिंकले, आणि क्राफ्टने ४ कॅचमध्ये ८८ यार्ड आणि २ टचडाउन केले. म्हणजे तक्ता फक्त वाइड रिसीव्हरांचा ठेवणंच चूक ठरेल. स्लॉटमधली निम्मी कामं क्राफ्ट उचलतो. मोसमात त्याचे ७०७ यार्ड आहेत, एकट्या रीडचेच त्याहून जास्त. तेव्हा पुढच्या आवृत्तीत क्राफ्टला तक्त्यात ओळ मिळणार, आणि जेकब्सलाही बॅकफील्डमधून पळलेल्या रूटांपुरता. 'रिसीव्हरांची डेप्थ' हे नाव राहू दे, मोजायचं मात्र पास पकडणाऱ्या सगळ्यांना.

साधनांबद्दल थोडं. एनएफएलव्हर्सचं पॅकेज आणि आर ही प्रोग्रॅमिंग भाषा याला तोड नाही. प्ले-बाय-प्ले डेटा स्वच्छ, फुकट, आणि कुणी शंका विचारली तर उत्तर देणारी माणसं आहेत. कोणत्या प्लेला मैदानावर कोण होता याची फाइल मोसम संपल्यावरच हाती पडते, तेवढी कळ काढावी लागते. हाताच्या चार्टिंगसाठी मात्र साधी स्प्रेडशीट आणि ड्रॉपडाउन. टाइप करायला लागलं की एकाग्रता मोडते. ड्रॉपचे आकडे विकत घेऊ नका. दोन ठिकाणचे ताडून बघितले तर एकाच खेळाडूचे आकडे जुळत नाहीत, कारण कोणता बॉल 'पकडायला हवा होता' हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. मी ज्या एका सेवेचे पैसे भरत होतो तिने मधेच स्लॉटची व्याख्या बदलली आणि जुन्या मोसमांना ती लावली नाही. वर्गणी बंद केली.

आता मॅथ्यू गोल्डन. ग्रीन बेमध्येच भरलेल्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) २३ वा पिक, २००२ च्या जेवन वॉकरनंतर पॅकर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला पहिला रिसीव्हर. फळीत चार-पाच जण असताना हा पिक कशाला, असं आपल्यातल्याच बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. नव्या तक्त्यात बघितलं तर जनरल मॅनेजर गुटेकुन्स्टने नेमका रिकामा रकाना भरायचा प्रयत्न केलाय. वॉटसन २०२५ च्या मोसमाच्या सुरुवातीला नसणार होता, आणि ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळणारा माणूस आणलाय.

पण घड्याळावर विसंबून चालणार नाही, हेही त्याच चार्टिंगने दाखवलं. बो मेल्टनचे ४० यार्ड ४.३४, वॉटसनचे ४.३६. मेल्टन कणभर वेगवानच, तरी सेफ्टी मेल्टनसाठी कंबर वळवत नाहीत. वॉटसन सहा फूट चार इंच आहे. त्याच्या डोक्यावरून टाकलेला बॉल कॉर्नरच्या हाती लागणं अवघड, म्हणून मदत पाठवावीच लागते. मेल्टन पाच फूट अकरा, आणि गोल्डनही तेवढाच. तेव्हा गोल्डनला सेफ्टी वॉटसनसारखं वागवतील की मेल्टनसारखं, यावर या फळीचं २०२५ चं सगळं गणित होतं. २०२५ च्या जूनमधल्या सरावात मेल्टनला कॉर्नरबॅकला उभं केलं, म्हणजे त्याच्याकडून हे काम होईल असं संघालाही वाटत नसावं. तिसऱ्या फेरीतला सॅव्हियन विल्यम्स मोशन-जेटच्या रकान्यात जातो. तेव्हा घेतलेला मेकोल हार्डमनही तिथलाच होता. तिथे गर्दी झाली, खरं तर ती तिथे नको होती.

माझा कल गोल्डनच्या बाजूने आहे. टेक्सास विद्यापीठाकडून २०२४ ला त्याचे ५८ कॅच आणि ९८७ यार्ड, सरासरी १७. एसईसी या कॉलेज लीगच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध १६२ यार्ड, आणि पीच बोल या प्लेऑफ सामन्याच्या ओव्हरटाइममध्ये फोर्थ अँड १३ ला (शेवटचा प्रयत्न, १३ यार्ड हवे असताना) २८ यार्डांचं टचडाउन. मोठ्या बचावांसमोर त्याने खोल बॉल पकडले आहेत. पण पकडणं वेगळं आणि बॉल न येता सेफ्टीला हलवणं वेगळं, आणि मला दुसरंच तपासायचं आहे.

म्हणून ठरवलेला क्रम बदलतोय. आधी बेअर्स आणि लायन्सची फळी याच पद्धतीने मांडणार होतो. ती आता मागे. पहिल्यांदा टेक्सासचे सामने त्याच तीन नोंदींनी चार्ट करायचे, जॉर्जियाच्या दोन्ही लढतींपासून सुरुवात. अडचण एकच: टीव्हीच्या फ्रेममध्ये सेफ्टी दिसत नाही, स्नॅपनंतर कॅमेरा लगेच आत येतो. कुणाकडे टेक्सासच्या २०२४ च्या सामन्यांची वरून घेतलेली फिल्म असेल, किंवा कुणी आधीच सेफ्टीच्या जागा नोंदवून ठेवल्या असतील, तर जरूर कळवा. वॉटसनची पूर्ण शीट मी बदल्यात देतो, प्रत्येक प्लेच्या वेळेसकट.