कूलरशेजारी मावेल असा सायकल स्टँड

घरी सायकल दुरुस्त करायचा स्टँड घेतला म्हटलं की लोक पहिले विचारतात, केवढ्याला पडला. माझ्या मते पहिला प्रश्न हा की तुमची सायकल धरायची कुठे, आणि दुसरा म्हणजे काम झाल्यावर तो स्टँड कोंबायचा कुठे. आमची नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटची गॅलरी जेमतेम चार फुटांची आणि तिचा अर्धा भाग मार्च ते जून कूलरच्या मालकीचा, त्यामुळे दुसरा प्रश्न आमच्या घरात पहिल्यापेक्षा मोठा.

सायकली तीन. माझी हायब्रीड, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, १४ किलोच्या आसपास. मुलीची २० इंची, पुढे बास्केट. आणि बाबांची काळी, रॉड ब्रेकवाली, जी विकायची गोष्ट काढली की बाबा त्या दिवशी कोणाशी बोलत नाहीत.

आधी सगळे करतात तेच करत होतो, सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी. पंक्चरपुरतं चालतं. पण गिअर सेट करायला बसलं की डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आभाळाकडे, केबलचा ताण बदलायचा बॅरल अ‍ॅडजस्टर नेमका कुठल्या बाजूने फिरवायचा ते दर वेळी नव्याने डोक्यात मांडायचं, आणि हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर फरशीवर दबलेला म्हणजे गिअर टाकायला बोटं घालायची कुठून. शिवाय हायड्रॉलिक ब्रेकच्या लिव्हरपाशी तेलाची छोटी टाकी असते, तिच्यात थोडी जरी हवा राहून गेलेली असली तर सायकल उलटी केल्यावर ती पाइपात शिरू शकते आणि मग लिव्हर पिचपिचा लागतो. सरळ उभी ठेवून लिव्हर दाबत राहिलं की पुष्कळदा ठीक होतो, पण सकाळी सहाला फुटाळा तलावाकडे निघायचं आणि ब्रेक हँडलला टेकतोय हे पार्किंगमध्ये कळायचं, कशाला पाहिजे ते.

मग मागच्या चाकाचा तो छोटा स्टँड, ज्याच्यात एक्सलची, म्हणजे चाकाच्या आसाची, दोन्ही टोकं अडकवली की चाक जमिनीवरून उचललं जातं. हजाराच्या आत मिळतो, चेनला तेल द्यायला आणि गिअर फिरवून पाहायला झकास आहे, आणि खरं सांगू का, ज्यांना एवढंच करायचं आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. फक्त तुमची सायकल थ्रू एक्सलवाली, म्हणजे चाक आरपार जाणाऱ्या जाड दांड्यावर बसवलेली, असेल तर आधी लावून पाहा, बरेच स्टँड क्विक रिलीजच्या (खटक्याने सुटणाऱ्या बारीक एक्सलच्या) किंवा नटाच्या टोकांवर बसायला बनवलेले असतात. आणि मागचं चाक काढायचं म्हटलं की खेळ खलास, कारण सायकल त्याच्याच भरवशावर उभी असते.

यानंतर आमच्या हॉलमधली झोपाळ्याची कडी. घर घेतलं तेव्हा हौसेने स्लॅबमध्ये बसवून घेतलेली, झोपाळा काही आला नाही. तिला दोरी टाकून सायकल सीटने लटकवली, फुकटात काम. माझा मित्र आला आणि दारातूनच ओरडला, "काऊन बे, फाशी देऊन राहिला काय सायकलले?" चेन धुण्यापुरतं हे जमतं. पण पान्याला जोर लावला की सायकल आपल्यासोबत फिरते, एका हाताने सायकल धरा, दुसऱ्याने पाना, आणि तिसरा हात असेल तर स्क्रू. बायकोने हॉलच्या फरशीवरचे काळे डाग पाहिले आणि तो प्रयोग संपला.

हा मित्र हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात आहे आणि त्याच्याकडे रोड बाइक आहे, कार्बन फ्रेमची. त्याचा स्टँड वेगळाच, रेसवाले वापरतात तो, ज्यात पुढचं किंवा मागचं चाक काढून फ्रेमचे पाय स्टँडला बांधायचे आणि पेडलच्या मधली जागा, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, खाली एका पाळण्यावर टेकवायची. फ्रेम कुठेही दाबली जात नाही म्हणून कार्बनवाल्यांना हा बरा, आणि हलत तर अजिबात नाही, बॉटम ब्रॅकेटला ताकद लावायची तर यासारखं काही नाही. पण दर वेळी चाक काढा, त्यात थ्रू एक्सल १२ एमएम की १५ एमएम त्याप्रमाणे अडॅप्टर बदला, आणि मुलीच्या नटवाल्या चाकासाठी पाना शोधा, हे माझ्याच्याने रोज होणार नव्हतं. भिंतीला लावायचा क्लॅम्प, म्हणजे सायकल पकडणारा जबडा, तोही पाहिला. जागा सगळ्यात कमी त्यालाच लागते, पण आमच्या गॅलरीची भिंत हलक्या ब्लॉकची, ड्रिल मारणारा मिस्त्रीच म्हणाला की इथे फोटो लावा, सायकल नका लावू.

म्हणजे राहिला घडीचा क्लॅम्प स्टँड, पाय उघडायचे, वरच्या जबड्यात सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, धरायचा. इथे मी जास्त वेळ घेतला कारण बाहेरून सगळे सारखेच दिसतात. ओळखीच्या एकाने ऑनलाइन मागवलेला मी आधी वापरून पाहिला होता, कोणता ते सांगत नाही, त्याच्यावर सायकल टांगली की पुढचं चाक हळूहळू खाली वाकायचं. क्लॅम्प घट्ट होता, सीटपोस्ट घसरत नव्हता, फिरत होता तो जबड्यामागचा सांधा, ज्याने सायकलचा कोन बदलतात.

मित्राने हे कागदावर करून दाखवलं. सायकलचं सगळं वजन काही सीटखाली नसतं, तोल साधतो तो पेडलच्या जरा पुढे, म्हणजे सीटपोस्टपासून धरा एक फूट. १४ किलोची सायकल तिथून धरली तर त्या सांध्यावर ४० न्यूटन मीटरच्या (पीळ मोजायचं माप) आसपास पीळ बसतो. हँडलच्या स्टेमचे बोल्ट आपण साधारण ५ न्यूटन मीटरला आवळतो, यावरून काय ते समजा, आणि वर आपण पाना दाबतो ते वेगळंच. म्हणून डब्यावर ३० किलो लिहिलंय यावर फार जाऊ नका, ३० किलो सरळ खाली लटकवणं वेगळं आणि १४ किलो एका बाजूला तोलून धरणं वेगळं. तोल साधायला वरच्या नळीला धरलं तर हा पीळ कमी होतो हे खरं, पण हलक्या फ्रेमच्या नळ्या मधल्या भागात पातळ केलेल्या असतात, जबड्याने चेपल्या की चेपल्या. कार्बनला तर तिथे धरायचंच नाही.

मग मी दुकानात सायकलच घेऊन गेलो. धरमपेठेतल्या दुकानदाराने आधी जरा तोंड वाकडं केलं, पण डिस्प्लेचे दोन स्टँड उघडून दिले. दोन्हींवर सायकल टांगली, पुढचं चाक हाताने खाली दाबलं, मग पेडल आडवं करून त्याच्यावर जोर दिला. एकाचा सांधा नुसता गुळगुळीत चकत्यांवर आवळलेला, तो सरकला. दुसऱ्याच्या सांध्याला आत दाते होते, दात्यात दाता बसला की गप्प. जबडा दोन्हींचा स्क्रूने आवळायचा, झटक्यात बंद होणारा कॅमवाला होता पण त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला. तीन पायांचा की दोन, यात आम्हाला दोन पायांचा बरा पडला, एकतर कोपऱ्यात उभा राहतो आणि दुसरं म्हणजे सपाट फरशीवर लांब पाय पक्के बसतात. अंगणात, मातीत काम करणाऱ्याने तीन पायांचाच घ्यावा. मात्र दोन पायांच्या स्टँडवर सायकल ज्या बाजूला पाय उघडतात त्याच बाजूला यायला हवी, उलटी टांगली तर स्टँडसकट अंगावर. पाच हजारांच्या थोडा आत मिळाला. निघता निघता दुकानातला मेकॅनिक म्हणाला, "आता तुमी घरीच करून राहिले तं आमी का करावं भाऊ?" मी म्हटलं रिमचा आऊट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, तुमच्याचकडे येतो ना. येतोच, ते घरी करायची माझी हिंमत नाही.

टांगायच्या आधी सीटपोस्टवर उंचीच्या जागी टेपचा तुकडा चिकटवतो, मग पोस्ट वर काढतो म्हणजे जबड्याला धरायला चार बोटं तरी नळी मिळते. किमान खोलीची खूण असते ती बाहेर येऊ द्यायची नाही. जबड्याचं रबर आणि पोस्ट दोन्ही फडक्याने पुसतो, रेतीचा एक कण अडकला तरी पोस्टवर ओरखडा पक्का. पेडल फार जाम असेल तर ते जमिनीवरच सैल करून मग सायकल चढवतो, स्टँडवर तेवढा झटका नकोच. पुढचं चाक वेलक्रोच्या पट्टीने खालच्या नळीला बांधलं की हँडल गरागरा फिरून तोंडावर येत नाही, ही पट्टी स्टँडसोबत येत नाही, जुन्या बॅगेची चालते. मुलीच्या सायकलचा सीटपोस्ट आखूड आहे, तिची सीट पूर्ण काढून जुना लांब पोस्ट टाकतो आणि त्याला धरतो.

उन्हाळ्यात मात्र वेळ बदलावी लागते. मे महिन्यात नऊच्या पुढे गॅलरीत पाने हातात धरवत नाहीत, म्हणून काम सकाळी सहाला. त्यात कूलरची टाकी रात्रभर ठिबकलेली असते आणि ओल्या फरशीवर स्टँडच्या रबरी बुडाचे पाय सरकतात, तिथे आता जुनं पायपुसणं अंथरतो. काम झालं की घडी करून कूलर आणि भिंतीच्या फटीत, बायको म्हणते तेवढी जागा झाडूला ठेवली होती.

बाबांची काळी सायकल या स्टँडवर जात नाही. म्हणजे पोस्ट जबड्यात बसतो, पण तिचं वजन आणि तो भला मोठा कॅरिअर पाहता मी दात्यांवर तेवढा विश्वास टाकत नाही, आणि तिला मागच्या चाकाला स्वतःचा स्टँड आहेच, चाक उचलून धरणारा. तिचं काम बाबा स्वतः करतात, पार्किंगमध्ये, पाटावर बसून.